डबे खाली येताना

‘ड्राईव्ह लावला की मोटर लवकर जळते.’ हे वाक्य मी रत्नागिरीत किती जणांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही. बर्फाच्या कारखान्यांत ऐकवलं, मासळीच्या शेडमध्ये ऐकवलं, गोळप-पावसच्या आंबा बागायतदारांना ऐकवलं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या आयटीआयच्या पोरांना तर पहिल्याच आठवड्यात ऐकवायचो. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत माझं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे, वडिलांच्या काळापासूनचं. जळलेली मोटर उघडायची, ती का जळली ते सांगायचं आणि पुन्हा भरून द्यायची, हा धंदा. जळलेली कॉइल रोज हातात घेणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर समोरचा वाद घालत नाही. माझ्याशीही कुणी घातला नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी खोटं बोलत नव्हतो. माझ्याकडे पुरावा होता. साधी जळलेली मोटर उघडली की गोष्ट सरळ दिसते. एक फेज गेली असेल तर ठरावीक कॉइल काळ्याठिक्कर आणि बाकीच्या जशाच्या तशा. लोड जास्त झाला असेल तर सगळं वाइंडिंग सारखं करपलेलं. ड्राईव्हवर चालणाऱ्या काही मोटरी मात्र वेगळ्याच मरायच्या. वाइंडिंगवरचं वार्निश ताजं, स्लॉटमधला कागद पिवळाधमक, आणि टर्मिनलकडून येणाऱ्या पहिल्या एकदोन वेढ्यांतच टाचणीच्या टोकाएवढं भोक पडून शॉर्ट. बेअरिंग काढली तर तिच्या रेसवर बारीक आडव्या रेघा, पत्र्याच्या पन्हाळीसारख्या एकसारख्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कारण विचारलं की मी सांगायचो, ड्राईव्हचा करंट घाणेरडा असतो. घाणेरडा म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. माझ्या अनुभवाचा खरा भाग जिथे संपला तिथून पुढे मी नुसतं बोलत होतो.

ज्यांना ड्राईव्हची ही पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तीन फेज इंडक्शन मोटर ही जगातली सगळ्यात कष्टाळू वस्तू असावी. बाहेर तांब्याची वाइंडिंग, आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा पिंजरा असलेला रोटर. रोटरला वायर नाही, ब्रश नाही, काही नाही. पन्नास हर्ट्झच्या सप्लायवर चार पोलच्या मोटरीतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि रोटर त्याच्या मागे धावतो, पण ते गाठत नाही. पूर्ण लोडवर तो १४४० च्या आसपास राहतो. हे मागे राहणं म्हणजे स्लिप, आणि त्याच्यामुळेच रोटरमध्ये करंट निर्माण होऊन जोर मिळतो. अडचण एवढीच की तिचा वेग सप्लायला बांधलेला. आणि स्टार्टरचं बटण दाबलं की पहिल्या क्षणी ती नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. ड्राईव्ह हे बंधन सोडवतो. येणाऱ्या एसीचा तो आधी डीसी करतो, कंडेन्सरमध्ये साठवतो, आणि मग सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणाऱ्या ट्रान्झिस्टरांनी त्याच डीसीपासून हव्या त्या फ्रीक्वेन्सीचा एसी घडवतो. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर तो मधला डीसी ५६० ते ५९० व्होल्टच्या दरम्यान असतो. हे आकडे पुढे लागणार आहेत.

हे सगळं मला तेव्हाही ढोबळ माहीत होतं. पण माझ्या मनात मोटर म्हणजे लोखंड, तांबं आणि वार्निश. हात लावून कळतं ते. बाकी सगळी वरून चिकटवलेली भानगड. लहानपणी वडिलांनी मला चिपळूण तालुक्यातल्या पोफळीच्या वीजघरात नेलं होतं. कोयनेचं पाणी घाटमाथ्यावरून जिथे उतरतं, १९६२ पासून जिथे वीज तयार होतेय, ते डोंगराच्या पोटातलं घर. तिथल्या जनित्रांची घरघर छातीत जाणवली होती. खरं यंत्र हे, असं तेव्हा मनात बसलं ते बसलंच. त्या जनित्रांनाही पाणी किती सोडायचं हे ठरवणारा गव्हर्नर लागतो, क्षेत्राचा करंट किती द्यायचा हे सांभाळणारी एक्सायटेशन लागते आणि त्यांच्याविना ती लोखंडाची धुडं ग्रिडला चार मिनिटं धरून राहू शकणार नाहीत, हे मी नंतर अभ्यासात वाचलंसुद्धा. वाचून विसरलो. मनातल्या चित्रात ते बसत नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला जड जाते. माझं पोट जळलेल्या मोटरींवर होतं. ड्राईव्ह नीट बसवला तर मोटर हळू सुरू होते, झटका बसत नाही, ओव्हरलोड झाला की पेटी आधीच थांबवते. म्हणजे माझ्याकडे येणारं काम कमी होणार. मी मुद्दाम हा हिशेब करून लोकांना फिरवलं असं नाही. पण ज्या मताने आपला गल्ला भरतो ते मत माणूस सहसा तपासत नाही. त्याखाली भीतीही होती. पेटीच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची, शंभरभर सेटिंगं असायची, आणि माझ्या निम्म्या वयाची पोरं ती भराभर दाबायची. त्यांच्यासमोर मला काही विचारायचं नव्हतं.

आता ज्या होईस्टवर हे सगळं फिरलं तिच्याकडे येतो.

बंदरापासून जवळच एक बर्फाचा कारखाना आहे. तिथे मिठाच्या थंडगार पाण्याच्या टाकीत पत्र्याचे उभे डबे बुडवून ठेवतात. आतल्या पाण्याची लादी झाली की क्रेनने डब्यांची एक ओळ उचलायची, लाद्या काढायच्या, डब्यांत पुन्हा पाणी भरायचं आणि ती ओळ टाकीत परत सोडायची. दिवसरात्र हेच चालतं, होड्या समुद्रात जाण्याआधी तर दम खायला फुरसत नसते. क्रेनची मोटर साध्या स्टार्टरवर होती. बटण दाबलं की हिसका, डबे हेलकावे खाणार, खारं पाणी गोड्या डब्यांत उडणार. म्हणून कुणा ठेकेदाराने तिला ड्राईव्ह बसवून दिला. उचलताना छान चालायचा. खाली सोडताना मात्र अर्ध्यावर ट्रिप. पडद्यावर ‘ओव्हर व्होल्टेज’.

शेठनी मला बोलावलं. मी सप्लाय मोजला, तो व्यवस्थित होता. व्होल्टेज जास्त नाही आणि ही पेटी म्हणतेय जास्त आहे. मी निकाल दिला : पेटीच खोटं दाखवतेय, काढून टाका. काढली. जुना कॉन्टॅक्टर परत बसवला. डबे पुन्हा हेलकावे खात वरखाली व्हायला लागले. त्यानंतर कित्येक वर्षं ही ट्रिप माझ्या भाषणातला हुकमी दाखला होती. ‘सप्लाय बरोबर असताना ओव्हर व्होल्टेज दाखवते, अशा वस्तूवर काय भरवसा ठेवायचा?’

मग त्या क्रेनचा गिअरबॉक्स हिसके खाऊन खाऊन फुटला. धाकट्या शेठनी तो बदलताना पुन्हा ड्राईव्ह घालायचा ठरवला. बसवायला एक मुलगी आली, शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केलेली, पॅनेलचं काम करणारी. मोटर मी भरून दिली होती म्हणून मलाही बोलावलं होतं. मी गेलो तो ट्रिप बघायलाच गेलो, हे कबूल करतो.

उचलताना चाललं. खाली सोडताना ट्रिप झाली. मी काही बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. तिने सामानातून जाळीच्या पेटीतला एक मोठा रेझिस्टर काढला आणि म्हणाली, “काका, हा लावायच्या आधी एकदा बघा.” पडद्यावर तिने आतल्या डीसीचं व्होल्टेज लावलं. ५७० च्या आसपास स्थिर. डबे उचलायला सुरुवात केली तेव्हा आकडा किंचित खाली सरकला. मग तिने भरलेले डबे खाली सोडले. ६००. ६४०. ६९०. ७५०. आकडा चढतच गेला आणि ८०० च्या जवळ पेटी बंद झाली, ब्रेक लागला, डबे अधांतरी थांबले.

“सप्लायमधून तर इतकं येणं शक्य नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मी पूर्वीही म्हटलं होतं आणि तिथेच थांबलो होतो. पण या वेळी आकडा माझ्या डोळ्यांदेखत चढला होता, उडी मारून नव्हे, एकेक पायरी, आणि नेमका डबे खाली येत असताना. काहीतरी तो कंडेन्सर भरत होतं. सप्लाय नाही तर मग कोण?

ती म्हणाली, “डबे खाली येताना मोटर त्यांना ओढत नाही ना काका. डबे मोटरला ओढतात.”

मला हे शाळकरी पोरासारखं समजलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली, कारण मला ते येत होतं. रोटर क्षेत्राच्या मागे असतो तेव्हा मोटर. त्याला बाहेरून ढकलून क्षेत्राच्या पुढे नेलं की स्लिप उलटी होते आणि तीच मोटर जनित्र होते. हे पुस्तकात होतं, परीक्षेत मी ते लिहिलं होतं, आकृतीसकट. आणि आयुष्यभर मोटरी हाताळताना एकदाही मला वाटलं नव्हतं की माझ्या बाकावर पडलेली ही वस्तू हे करत असेल. भरलेल्या डब्यांचं वजन रोटरला पुढे ढकलत होतं, रोटर वीज तयार करून ड्राईव्हकडे परत पाठवत होता. ड्राईव्हच्या तोंडाशी साधे डायोड, ते वीज आत घेतात पण बाहेर सोडत नाहीत. परत आलेली वीज जाणार कुठे? कंडेन्सरमध्ये साचत गेली. पेटी खोटं बोलत नव्हती. ती मला माझ्याच मोटरीबद्दल काहीतरी सांगत होती, आणि मी तिला काढून टाकून फडताळात ठेवली होती.

तिने रेझिस्टर जोडला. आता आकडा एका मर्यादेला पोचला की पेटी जास्तीची वीज त्यात सोडायची. डबे एकदाही न हलता खाली उतरले. मी जाळीवर हात धरला तर खालून गरम वाफारा येत होता. भोवती बर्फ, आणि डब्यांचं वजन तिथे उष्णता होऊन निघून चाललं होतं. पोरीने सामान आवरलं. मी तिथेच उभा होतो.

तरी माझा जुना स्वभाव लगेच गेला नाही. मनात आलं, ड्राईव्ह आहे म्हणून होत असेल. साध्या स्टार्टरवर असं होत नसेल. दुसऱ्या एका ठिकाणी तशाच होईस्टला अजून जुना स्टार्टर होता. तिथे टॅकोमीटर घेऊन गेलो. ओझं वर जाताना वेग १४४० च्या आतबाहेर. खाली येताना १५०० च्या वर. म्हणजे तिथेही मोटर वीज परत देत होती, थेट लाईनमध्ये, गुपचूप, कुणाला न कळवता. मग मला ती दुसरी गोष्ट लक्षात आली, जी आजही आठवली की मी अस्वस्थ होतो. माझा क्लॅम्प मीटर. वर्षानुवर्षं मी ओझं खाली येताना त्यावर अँपिअर पाहिले होते आणि मानलं होतं की मोटर वीज खातेय. क्लॅम्प मीटर किती करंट आहे ते सांगतो, वीज कुणीकडे चाललीय ते सांगत नाही. उसना वॉटमीटर आणून लावला तेव्हा ओझं उतरताना आकड्यामागे उणे चिन्ह आलं. ज्या यंत्रावर माझा सगळा भरवसा होता ते अर्धंच दाखवणारं होतं, आणि मी त्या अर्ध्याला पूर्ण समजून लोकांना सल्ले देत होतो.

त्या पावसाळ्यात काम कमी असताना मी पुन्हा पुस्तकं काढली. जुनी अभ्यासाची आणि काही नवी, पोरांकडून मागून घेतलेली. मोटर स्थिर चालत असतानाचं गणित मला येत होतं. ती बदलत असताना, वेग घेताना, थांबताना, ओझं अचानक पडल्यावर तिच्यात काय घडतं, हा भाग मी कधी गंभीरपणे घेतलाच नव्हता. आणि मोटरी तर त्याच क्षणांत जळतात. रॉबर्ट पार्क नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९२९ मध्ये एक रीत मांडली : बाहेर उभं राहून तीन फेजच्या हेलकावणाऱ्या करंटकडे बघण्याऐवजी फिरणाऱ्या रोटरवर जाऊन उभं राहायचं. तिथून पाहिलं की हेलकावे थांबतात आणि करंटचे दोन सरळ भाग दिसतात. त्याने हे सिंक्रोनस मशीनसाठी केलं होतं, पोफळीतल्या जनित्रांच्या जातीच्या यंत्रांसाठी. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत सीमेन्समधल्या फेलिक्स ब्लाश्के यांनी हाच विचार इंडक्शन मोटर चालवायला वापरला. डीसी मोटरमध्ये क्षेत्र तयार करणारी वाइंडिंग वेगळी आणि जोर देणारी वेगळी, म्हणून तिला लगाम घालणं सोपं. इंडक्शन मोटरमध्ये दोन्ही कामं त्याच तीन वायरींतून चालतात. ब्लाश्के यांच्या पद्धतीत नियंत्रक सतत हिशेब करतो की आत रोटरचं क्षेत्र या क्षणी कुठे आहे, आणि त्यानुसार करंटचे ते दोन भाग वेगवेगळे हलवतो. ब्रश नसलेली, गरीब, दणकट मोटर मग डीसी मोटरसारखी आज्ञेत वागते.

हे वाचताना मला रोटर तापल्यावर काय होतं त्याचं उत्तर मिळालं, आणि ते मला फार आवडलं. रोटर तापला की त्याच्या पट्ट्यांचा रोध वाढतो, आणि नियंत्रकाचा अंदाज चुकायला लागतो. म्हणजे त्या गणितालासुद्धा शेवटी ॲल्युमिनियमच्या पट्टीचं तापमान विचारावं लागतं. मी ज्याला वरून चिकटवलेली भानगड म्हणत होतो ती माझ्या लोखंड-तांब्याची माझ्याहून बारीक चौकशी करत होती.

याच काळात कोकण रेल्वेवर विजेची इंजिनं धावायला लागली होती. रोह्यापासून ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा पूर्ण मार्ग विजेवर आला आणि २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं, तेव्हा हिरवा झेंडा दाखवलेल्या स्थानकांत रत्नागिरी होतं. गावात चर्चा धुराची आणि वेळेची. मला इंजिनाच्या पोटातल्या मोटरी दिसत होत्या. जुन्या विजेच्या इंजिनांत डीसी सिरीज मोटरी असायच्या, ब्रश आणि कम्युटेटरवाल्या. तसले कम्युटेटर मी लेथवर साफ केलेत, ठिणग्यांनी खाल्लेले. मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूएजी-९ इंजिनात मात्र सहा इंडक्शन मोटरी आहेत, प्रत्येकी ८५० किलोवॉटच्या. हे तंत्र १९९०च्या दशकात एबीबी कंपनीकडून आलं आणि मग चित्तरंजनच्या कारखान्यात ही इंजिनं घडायला लागली. वरच्या तारेत २५,००० व्होल्टची एकच फेज. इंजिनात ट्रान्सफॉर्मर, मग एसीचा डीसी, मग डीसीपासून तीन फेज, आणि शेवटी तोच पिंजऱ्याचा रोटर जो माझ्या बाकावर असतो. बर्फाच्या कारखान्यातली पेटी आणि हे इंजिन, दोघांचा सांगाडा एक.

फरक एका जागी आहे. क्रेनच्या ड्राईव्हच्या तोंडाशी वीज एकाच दिशेने सोडणारे डायोड होते. इंजिनात तिथेही उघडझाप करणारी, दोन्ही दिशांना वीज सोडणारी रचना आहे. कोकण रेल्वेचा चढ १५० ला १ याहून तीव्र ठेवलेला नाही. ऐकायला किरकोळ वाटतो, पण हजारो टनांची मालगाडी त्यावरून खाली निघाली की ते वजन थोपवावं लागतं. चालक ब्रेकिंगला घेतो तेव्हा नियंत्रक मोटरींतल्या क्षेत्राचा वेग रोटरपेक्षा कमी करतो, रोटर पुढे जातो, मोटरी जनित्र होतात आणि वीज तारेत परत चढते, त्याच मार्गावर चढण चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला उपयोगी पडते. क्रेनच्या रेझिस्टरमध्ये जी जळत होती तीच. उक्षी आणि भोके यांच्यामधल्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यातून डिझेल इंजिनांचा धूर मी खिडकीतून अनेकदा खाल्ला आहे. आता त्या बोगद्यातून जाताना माझं लक्ष डब्याखालच्या आवाजाकडे असतं, गाडी वीज घेतेय की देतेय याचा अंदाज घेत. अंदाज बहुतेक वेळा चुकतो, पण सवय लागलीय.

मग मी माझ्या जुन्या पुराव्याकडे परत गेलो. टाचणीएवढी भोकं आणि बेअरिंगवरच्या रेघा खऱ्या होत्या, त्यांचं काय? त्यांची उत्तरं होती, आणि ती मी मागितली असती तर केव्हाच मिळाली असती. ड्राईव्ह व्होल्टेज हळूहळू चढवत नाही, एका झटक्यात उघडतो आणि बंद करतो. केबल लांब असेल तर तो झटका लाटेसारखा मोटरपर्यंत जातो, आणि मिरकरवाड्याच्या धक्क्यावर आपटणारी लाट जशी भिंतीशी दुप्पट उंच उठते तसा टर्मिनलपाशी दुपटीपर्यंत उसळतो. साडेपाचशे-सहाशेच्या जागी हजार-अकराशे व्होल्ट, सेकंदाला हजारो वेळा. आणि तो मार वाइंडिंगमध्ये सारखा वाटला जात नाही, पहिल्या वेढ्यांनाच सगळ्यात जास्त बसतो. म्हणून भोक तिथेच. बेअरिंगच्या रेघाही अशाच. त्या झटक्यांमुळे रोटरच्या शाफ्टवर व्होल्टेज साचतं आणि ग्रीसच्या पातळ थरातून ठिणगीने उतरतं. उपाय आहेत. केबल आखूड ठेवायची, ती जमत नसेल तर ड्राईव्हच्या पुढे चोक घालायचा, शाफ्टला अर्थिंगचा ब्रश द्यायचा. आणि वाइंडिंग करणाऱ्याने जाड इनॅमलची वायर वापरायची, फेजच्या मध्ये कागद घालायचा, वार्निश नीट मुरू द्यायचं. या यादीतली शेवटची तिन्ही कामं माझी होती. मी ड्राईव्हला दोष देत असताना त्याच मोटरी मी साध्या वायरीने भरून परत पाठवत होतो.

त्यातल्या किती पुन्हा माझ्यामुळे जळल्या असतील, ते शोधायला आता मार्ग नाही.

बागायतदारांचं मला सगळ्यात लागतं. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी डीपीवर इतका भार येतो की टोकाच्या वाडीपर्यंत व्होल्टेज पोचेस्तोवर पार पडलेलं असतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. व्होल्टेज ऐंशी टक्के झालं तर जोर चौसष्ट टक्केच उरतो. अशा वेळी साध्या स्टार्टरने पंप सुरू करायचा म्हणजे सहा-सात पट करंट ओढून आधीच पडलेलं व्होल्टेज आणखी पाडायचं, आणि मोटर तिथेच घुमत बसून तापते. ड्राईव्हने फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेज एकत्र, हळूहळू वाढवलं तर हा धक्काच बसत नाही. कलमांना पाणी वेळेवर मिळालं असतं, मोटर वाचली असती. ज्यांनी मला विचारलं त्यांना मी नको म्हणालो आणि एप्रिल-मेमध्ये त्यांच्या जळलेल्या मोटरी भरून दिल्या, पैसे घेऊन.

माझ्याकडचा एक पोरगा होता, हुशार. फावल्या वेळात फडताळातली ती काढलेली पेटी उघडून बसायचा. मी त्याला ओरडलो होतो की कॉइल भरायला शिक, खेळणी नंतर. तो गेला, पुण्याकडे कुठल्याशा कारखान्यात ड्राईव्हचंच काम करतो. त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, “तुम्ही भरलेली कॉइल मी अजून डोळे मिटून ओळखतो.” मला ते ऐकवलं नाही. मग मी त्याला रोटरच्या तापमानाबद्दल विचारलं आणि आमचं बराच वेळ बोलणं झालं. आता अडलं की त्यालाच विचारतो.

ड्राईव्हबद्दल माझ्या सगळ्या शंका गेल्यात असं नाही. खाऱ्या हवेत त्याचे बोर्ड गंजतात, कंडेन्सर काही वर्षांत म्हातारे होतात, वळवाच्या विजांनी मी पेट्या फुटलेल्या पाहिल्यात. लोखंडाची मोटर पन्नास वर्षं चालते, ही पेटी तेवढी चालणार नाही. ते मी लोकांना आजही सांगतो. पण आता कारण सांगतो, आणि कारण माहीत नसेल तर गप्प बसतो.

ज्यांना नको म्हटलं होतं त्यांच्यापैकी जे आठवले त्यांच्याकडे एकेक करून जातोय. काहींनी ऐकून घेतलं, काहींना त्याचं काही वाटलं नाही. सौर पंपाची योजना आल्यापासून बरेच जण आपणहून विचारायला येतात, कारण सौर पट्ट्यांचा डीसी असतो आणि साधी एसी मोटर त्यावर चालवायची तर मध्ये ही पेटी लागतेच. गोळपच्या एका काकांची विहीर घरापासून बरीच खाली, उतारावर आहे. त्यांना मी पूर्वी हात जोडून सांगितलं होतं की तुमच्याकडे ड्राईव्ह कधीही लावू नका. परवा त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, लावा. ते म्हणाले, मग पेटी घरातच भिंतीवर बसवतो, डोळ्यांसमोर राहील. मी म्हटलं, घरात नको, तिथून मोटरपर्यंत केबल फार लांब होते. विहिरीच्या शेडमध्ये बसवा, जमिनीपासून कमरेएवढी वर, झाकण घट्ट, अर्थिंग वेगळं. मोटर आधी माझ्याकडे पाठवा, मी ती जाड इनॅमलच्या वायरीने भरून देतो. पैसे घेणार नाही म्हटलं, त्यावरून थोडी बाचाबाची झाली. शेवटी वायरीचे तेवढे घ्यायचे ठरले.